हॉब्ज, लॉक, रूसो वाचताना या चुका टाळा

हॉब्ज, लॉक आणि रूसो हे सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपीय विचारवंत. राज्यसत्ता लोकांच्या आपसातल्या करारातून उभी राहते, या ‘सामाजिक करारा’च्या सिद्धांतासाठी ते ओळखले जातात. राज्यशास्त्राच्या गाइडमध्ये त्यांच्यावर तीन रकान्यांचा एक तक्ता हमखास असतो. हॉब्जचा माणूस स्वार्थी, लॉकचा समंजस, रूसोचा निरागस. हॉब्जला राजा हवा, लॉकला संसद, रूसोला जनता. परीक्षेच्या आदल्या रात्री हा तक्ता कामाला येतो. पण तो एकदा पाठ झाला की मूळ पुस्तक उघडलं तरी तक्ताच दिसत राहतो, आणि हे तिघं कोणत्या प्रश्नाशी झुंजत होते ते निसटतं.

सगळ्यात खोल रुतलेली चूक म्हणजे सामाजिक करार हा इतिहास समजणं. ‘असा करार झाला कधी? सह्या कोणी केल्या?’ असं विचारून सिद्धांत निकालात काढला जातो. आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये तो मांडला. झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस जहाजावरच राहतो, कारण उडी मारली तर तो बुडेल. मग त्याने कप्तानाची सत्ता स्वखुशीने मान्य केली, असं म्हणायचं का? राज्याच्या रस्त्यावरून नुसता प्रवास करणाऱ्यानेही मूक संमती दिली, असं मानणाऱ्या लॉकला हा टोला नेमका लागतो. हॉब्ज मात्र स्वतःच लिहून ठेवतो की निसर्गावस्था, म्हणजे राज्यसत्ता नसतानाची स्थिती, साऱ्या जगभर अशी कधीच नव्हती. आणि माणूस जन्मतः मुक्त असून सर्वत्र साखळदंडात आहे, हे रूसोचं वाक्य सगळे उद्धृत करतात, पण त्याच्या पुढची वाक्यं गाळतात. हा बदल कसा झाला ते मला माहीत नाही, असं तो तिथे सांगतो. तो न्याय्य कशाने ठरेल, या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ शकू असं त्याला वाटतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९३ मध्ये हे आणखी स्वच्छ केलं. करार ही कायद्याची कसोटी आहे: या कायद्याला सगळी जनता संमती देऊ शकली असती का? म्हणून वाचताना अडलात, तर ‘असं घडलं’ हे बाजूला ठेवा आणि ‘सत्ता मानायची ती कोणत्या आधारावर?’ हा प्रश्न त्या पानाला विचारा. बरीच पानं उलगडतात.

हॉब्जच्या वाट्याला फार अन्याय आला आहे. ‘माणूस मुळात दुष्ट’ असं तो म्हणत नाही. माणसाच्या वासना स्वतःहून पाप नाहीत, असं त्याने लिहिलं आहे. त्याची भीती येते ती बरोबरीतून. अगदी दुबळा माणूसही कट करून किंवा इतरांशी हातमिळवणी करून बलवानाचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे कोणीच निर्धास्त नसतो. भांडणाची तीन कारणं तो देतो: स्पर्धा, अविश्वास आणि मोठेपणाची हाव. यातलं मधलं कारण नीट वाचा. समोरचा आधी वार करील या धास्तीने सज्जनही आधी हात उगारतो. इंग्लंडात १६४२ पासून यादवी पेटली होती, जानेवारी १६४९ मध्ये राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला, आणि १६५१ मध्ये हॉब्जचं ‘लेव्हायथन’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. ही तर्ककठोर पानं त्या रक्तपाताच्या सावलीत लिहिलेली आहेत. सत्ता अमर्याद असावी असं सांगणारा हाच माणूस एकविसाव्या प्रकरणात म्हणतो की स्वतःचा जीव दे, ही आज्ञा पाळायला प्रजाजन बांधील नाही. आणि सत्ता रक्षण करू शकेनाशी झाली की आज्ञापालनाचं बंधनही संपतं.

लॉकबद्दल दोन गोष्टी थोडक्यात. राज्यसत्तेवरचे त्याचे दोन प्रबंध इंग्लंडातल्या १६८८ च्या क्रांतीनंतर प्रसिद्ध झाले, पण बरंचसं लिखाण त्याआधीच झालं होतं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे; म्हणून ते नुसतं क्रांतीचं मागाहून केलेलं समर्थन समजू नका. आणि ‘मालमत्ता’ या शब्दात तो पुष्कळदा जीवित, स्वातंत्र्य आणि वित्त ही तिन्ही धरतो. नुसता जमीनजुमला समजून वाचलं तर तो सावकारांचा वकील वाटू लागतो.

रूसो म्हणजे ‘निसर्गाकडे परत चला’, हे समीकरण विसराच. विषमतेवरच्या १७५५ च्या निबंधातल्या एका टिपेत, जंगलात परतून अस्वलांबरोबर राहायचं का, असा आक्षेप तो स्वतःच पुढे आणतो आणि तो मार्ग झिडकारतो. १७६२ च्या ‘सामाजिक करारा’त तर तो म्हणतो की समाजात येऊन माणूस नैसर्गिक स्वातंत्र्य गमावतो, पण नागरी स्वातंत्र्य मिळवतो, आणि स्वतःच घालून घेतलेला कायदा पाळण्याचं नैतिक स्वातंत्र्यही. रूसोची ‘सामूहिक इच्छा’ म्हणजे बहुमत, असं समजणं हीदेखील चूकच. प्रत्येकाच्या खासगी इच्छांची बेरीज आणि सर्वांच्या समान हिताकडे पाहणारी इच्छा यांत तो स्पष्ट फरक करतो. सामूहिक इच्छा न पाळणाऱ्याला ‘मुक्त होण्यास भाग पाडलं जाईल’ या त्याच्या वाक्याचं मात्र उगाच समर्थन करू नका. माणसाला दुसऱ्या माणसाची ताबेदारी करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू त्याच परिच्छेदात आहे. तरीही ते वाक्य धोकादायक आहे, आणि वाचकाने अस्वस्थ व्हायलाच हवं.

एक चूक दोन्ही टोकांची आहे. अमेरिकेतल्या कॅरोलिना या इंग्रज वसाहतीच्या १६६९ च्या घटनेत प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिली होती आणि तिच्या लेखनात लॉकचा हात होता. ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकात रूसो मुलीला पुरुषाच्या सुखासाठी घडवतो, स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिलं. हे झाकणंही चूक आणि याच कारणाने सगळं फेकून देणंही. याच परंपरेतून पुढे काय घडलं ते पाहा. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन या इंग्रज लेखकाचं माणसाच्या हक्कांवरचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. त्यात पेन म्हणतो की करार माणसामाणसांत होतो, सरकार त्यातून नंतर जन्मतं. राज्यकर्ता हा त्यातला पक्ष नव्हे. जन्माने मिळालेला अधिकार आला कुठून, हा प्रश्न जोतीरावांनी इथल्या जातिव्यवस्थेला विचारला आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली.

सुरुवात करताना पूर्ण ग्रंथ हाती घेऊन दमू नका. ‘लेव्हायथन’ची तेरावं आणि एकविसावं ही दोन प्रकरणं, लॉकच्या दुसऱ्या प्रबंधातलं दुसरं, पाचवं, आठवं आणि एकोणिसावं, आणि ‘सामाजिक करारा’चा पहिला भाग सलग. त्यातली प्रकरणं छोटी आहेत.