परदेशात राहा, पण पासपोर्ट भारताचा अन् वावर नावावर ठेवा

वीस वर्षं परदेशात राहिलं म्हणून भारताचं नागरिकत्व जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं, की ते आपोआप संपतं (नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९). ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) म्हणजे दुहेरी नागरिकत्व, हा समज चुकीचा आहे. त्यावर मतदानही करता येत नाही.

तिकडे टिकायला कायम वास्तव्याचा परवाना लागतो आणि तो गैरहजेरीनं धोक्यात येतो. कॅनडात ५ वर्षांत ७३० दिवस भरावे लागतात. ब्रिटनचा परवाना सलग २ वर्षं बाहेर राहिलं की जातो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल आणि वर्षाहून जास्त गावी थांबायचं असेल, तर निघण्याआधीच पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करा. आईवडिलांच्या आजारपणात मुक्काम लांबतो, तेव्हा तारखा मोजत राहा.

पासपोर्टसाठी नागपूरचं पासपोर्ट कार्यालय गाठायची गरज नाही. तिथल्या भारतीय दूतावासात नवा मिळतो. मूल तिकडे जन्मलं, तर १ वर्षाच्या आत त्याच दूतावासात जन्मनोंद करा. त्याच्यासाठी त्या देशाचा पासपोर्ट मात्र घेतलेला नसावा.

खरी गुंतागुंत सातबाऱ्यात. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. वडील गेल्यावर ३ महिन्यांत वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे कळवा. पासपोर्टवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं असेल, तर काम तिथंच अडतं. ती दुरुस्ती जाण्याआधीच उरका.

भावाला मुखत्यारपत्र द्यायचं तर दूतावासात साक्षांकित करा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. पेटीत पडून राहिलेला कागद नेमका विक्रीच्या दिवशी नाकारला जातो. त्यात जमीन विकण्याचा अधिकार गरज नसेल तर लिहूच नका, फक्त वहिवाट, पीक आणि कार्यालयीन कामं लिहा. वावर ठेक्यानं दिलं तर वर्षाचा लेखी करार करा आणि पीकपाहणीत कोणाचं नाव चढतंय ते दर हंगामात ऑनलाइन पाहा. एवढा कंटाळा करू नका, कुळाचे वाद इथूनच उगवतात.

बँकेतलं साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात) बदला, कापसाचे पैसे तिथंच येऊ द्या. पीएम किसानचा हप्ता अनिवासीला चालत नाही. तो थांबवला नाही, तर वसुली निघते.

मतदार यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवायला अर्ज ६ए भरा. मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं, पोस्टानं जमत नाही.