नातवंडांच्या भेटीसाठी न्यायालयात जाताना या चुका टाळा

मुलगा वारला किंवा त्याचा संसार मोडला, की अनेक आजी-आजोबांची नातवंडांशी भेटच बंद होते, आणि मग ते वकिलाला विचारतात, ‘आमचा हक्क कोणत्या कलमात आहे?’ आपल्याकडे आजी-आजोबांना किंवा मामा-मावशी, काका-आत्यांना भेटीचा स्वतंत्र हक्क देणारे कलमच नाही. पालक व पाल्य अधिनियम, 1890 असो वा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956, न्यायालय बालकाचे हित पाहते. त्यामुळे ‘आमचे रक्त आहे’ एवढ्यावरच सारा अर्ज उभा करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. त्याऐवजी नात शाळेतून आल्यावर कोणाकडे जेवत असे, तापात तिच्या उशाशी कोण बसत असे, हे प्रतिज्ञापत्रात लिहावे आणि सोबत दवाखान्याचे कागद, छायाचित्रे जोडावीत. सुनेचा पुनर्विवाह किंवा घराच्या वाटणीचा वाद मात्र त्यात आणू नये, कारण नातवंडाच्या निमित्ताने जुना हिशेब चुकता केला जात आहे, अशी शंका न्यायाधीशांना येऊ शकते.

भेट हवी असताना ताबा मागणे हीही नेहमीची चूक आहे. आई किंवा वडील हयात आणि सक्षम असतील, तर ताबा सहसा त्यांच्याकडेच राहतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर मावशी-मामांकडे वाढलेल्या चिमुकलीचा ताबा वडिलांना दिला, पण तिला सांभाळणाऱ्या नातलगांच्या भेटीचा मार्ग बंद केला नाही.

मागणी नेमकी नसेल, तर आदेशही मोघम मिळतो. ‘अर्जदारांना भेट मिळावी’ एवढेच न लिहिता ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी 11 ते दुपारी 4, अर्जदारांच्या घरी, दर बुधवारी सायंकाळी 7 वाजता 20 मिनिटांचा व्हिडिओ कॉल, दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस’ असे लिहावे. मूल लहान असेल किंवा बराच काळ भेटलेले नसेल, तर आधी आईच्या उपस्थितीत तास-दोन तासांची भेट मागणे शहाणपणाचे, आणि मुलासाठीही तेच सोयीचे. मूळ अर्ज रेंगाळणार असल्याने अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या भेटीचा अर्ज सोबतच द्यावा.

अर्ज कुठे करायचा, हे मूल साधारणपणे जिथे राहते त्यावर ठरते. आजी-आजोबा नाशिकला आणि नात नागपूरला राहत असेल, तर नाशिकला केलेला अर्ज अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडकतो.

शाळेच्या फाटकाशी उभे राहून आईला न कळवता मुलाला घेऊन जाणे, हे कितीही मायेपोटी केले तरी पुढच्या सुनावणीत तेच तुमच्याविरुद्ध मांडले जाते; शिवाय त्या ओढाताणीत मूल घाबरते ते वेगळेच. भेटीचा आदेश असूनही दार उघडले नाही, तर तिथे वाद न घालता तारीख, वेळ आणि पाठवलेले संदेश नोंदवून ठेवावेत व त्या नोंदींसह अंमलबजावणीचा अर्ज करावा.

खर्चाच्या भीतीने अनेक जण अर्जच करत नाहीत. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधि साहाय्य मागता येते. त्यामुळे आजी अर्जदार असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधि सेवा कार्यालयात आधी तिच्या नावाने अर्ज द्यावा.