रीजनचं सरकार चालवताना या चुका टाळा

चार विरुद्ध तीन अशी मतं पडली आणि नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळातल्या आमच्या रीजनचं, म्हणजे अनेक खेळाडूंच्या नेशन्सच्या गटाचं, सरकार अकरा दिवस ठप्प झालं.

बॉर्डर कंट्रोलचा, म्हणजे नेशन्सना रीजनबाहेर काढण्याचा, अधिकार कोणाकडे द्यायचा, याबद्दलचं ते विधेयक होतं. मी तेव्हा सभापती होतो. यादीत बारा सदस्य, मत दिलं सात जणांनी. मी विधेयक मंजूर झाल्याचं जाहीर केलं. दहा मिनिटांत एका सदस्याने घटनेतल्या वाक्यावर बोट ठेवलं: "विधेयक सदस्यांच्या बहुमताने मंजूर होईल." सदस्य बारा, म्हणजे बहुमत सातचं. मी म्हणालो, मतदान करणाऱ्यांचं बहुमत. तो म्हणाला, तसं कुठे लिहिलंय? तसं खरंच कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायाधीश तीन, त्यातल्या एकाने आधीच राजीनामा दिलेला, आणि दुसऱ्याने तर हे विधेयकच मांडलेलं. घोंगडं भिजत पडलं. कंटाळून दोघांनी आपली नेशन्स दुसऱ्या रीजनमध्ये हलवली.

नेशनस्टेट्स हा खेळ ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केला. आपलं नेशन काढायचं, रोज समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घ्यायचे, एवढंच करत राहिलं तरी खेळ चालतो. पण खरी गंमत रीजनमध्ये आहे. तिथे लोक घटना लिहितात, निवडणुका लढवतात, कायदे करतात, खटले चालवतात. यातलं बहुतेक काहीही खेळाच्या प्रोग्रॅममध्ये नाही, ते माणसांनी एकमेकांच्या विश्वासावर उभं केलेलं असतं. म्हणूनच तिथल्या चुका मनाला लागतात, आणि म्हणूनच त्या टाळण्यासाठी मेहनत घ्यावीशी वाटते.

कशाचं बहुमत, ते न लिहिणं

आपल्याकडे सोसायटीच्या सभेची नोटीस ज्याने वाचली आहे, त्याला "गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येईल व त्यानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल" हे वाक्य तोंडपाठ असतं. त्या रुक्ष वाक्याचं मोल मला त्या अकरा दिवसांत कळलं. कोणीच आलं नाही तर काय, हा प्रश्न त्यात भांडण होण्याआधीच सोडवून ठेवलेला आहे.

आमचं कलम आता असं आहे: "मुदतीत पडलेल्या अनुकूल आणि प्रतिकूल मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं अनुकूल असल्यास विधेयक मंजूर. तटस्थ मतं गणपूर्तीसाठी धरावीत, बहुमतासाठी धरू नयेत. समान मतं पडल्यास विधेयक नामंजूर. गणपूर्ती न झाल्यास मतदान एकदाच तीन दिवसांनी वाढवावं. वाढीव मुदतीत गणपूर्तीची अट नाही." पाच वाक्यं, पण त्यानंतर मोजणीवरून एकही वाद झालेला नाही. तुमच्या घटनेत "बहुमत" हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: कशाचं? "दोन-तृतीयांश" दिसलं तरी हेच विचारा.

निवडणूक जिंकली म्हणजे खुर्ची मिळाली, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमची घटना म्हणते की डेलिगेट, म्हणजे रीजनचा प्रमुख, निवडणुकीने ठरतो. खेळ मात्र दुसरंच मोजतो. रीजनमधल्या वर्ल्ड असेंब्लीच्या (खेळातल्या जागतिक संघटनेच्या) सदस्य नेशन्सपैकी ज्याला सर्वाधिक एंडोर्समेंट्स (इतर नेशन्सचा पाठिंबा), तो अपडेटच्या वेळी, म्हणजे खेळ सगळी मोजणी नव्याने करतो तेव्हा, डेलिगेट होतो. एंडोर्समेंट देऊ शकतात तेही त्याच रीजनमधले वर्ल्ड असेंब्लीचे सदस्यच. अपडेट दिवसातून दोनदा होतो. आपल्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला आणि रात्री साडेनऊला सुरू होतो, अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागली की साडेदहाला. तुमचा निकाल त्या यंत्रणेला ठाऊकच नसतो.

आमच्या एका निवडणुकीत नव्या उमेदवाराला घवघवीत मतं मिळाली. अभिनंदनाचे मेसेज आले, मंत्र्यांची यादीही तयार झाली. पण जुन्या डेलिगेटकडे १९ एंडोर्समेंट्स होत्या आणि नव्याकडे सहा. रात्रीचा अपडेट झाला, सकाळचा झाला, काहीच बदललं नाही. जुना डेलिगेट मनाने साफ होता. तो म्हणाला, मी वर्ल्ड असेंब्लीतून बाहेर पडतो, म्हणजे प्रश्नच मिटला. आम्ही त्याला थांबवलं ते बरं झालं. तो बाहेर पडताच त्याच्या सगळ्या एंडोर्समेंट्स गेल्या असत्या आणि पुढच्या अपडेटला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस डेलिगेट झाला असता. त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर १४ एंडोर्समेंट्सचं एक नेशन होतं, ज्याचा मालक आमच्या एकाही चर्चेत कधी बोललेला नव्हता.

हस्तांतरणाचा क्रम ठरलेला ठेवा. निकाल लागल्यावर आधी सर्वांनी नव्या माणसाला एंडोर्स करायचं. जुन्याच्या एंडोर्समेंट्स काढून घ्यायच्या त्या नवा पुरेसा वर आल्यावर, आणि जुन्याने जागा सोडायची ती नवा दुसऱ्या क्रमांकावर पक्का बसल्यावरच. बाकीच्यांनी किती एंडोर्समेंट्सपर्यंत थांबायचं, याची मर्यादा कायद्यात असू द्या, आणि विश्वासातल्या दोन-तीन जणांना त्या मर्यादेतून सूट द्या. खेळानेच तयार केलेल्या मोठ्या रीजन्सपैकी द नॉर्थ पॅसिफिकमध्ये स्वतःचं सिक्युरिटी कौन्सिल आहे, द साउथ पॅसिफिकमध्येही असंच एक मंडळ, ती याचसाठी. त्या रीजन्सना फाउंडर (रीजन काढणारा खेळाडू) नाही, त्यामुळे तिथे एंडोर्समेंट्स हीच किल्ली.

खेळाडूने काढलेल्या रीजनमध्ये किल्ली बहुधा गव्हर्नरकडे, म्हणजे रीजनचे सर्वोच्च अधिकार असलेल्या खेळाडूकडे, असते. तो डेलिगेटचे कार्यकारी अधिकार काढून घेऊ शकतो, लोकांना बाहेर काढू शकतो. घटनेत "सार्वभौमत्व जनतेचं" असं लिहायचं आणि गव्हर्नरचा उल्लेखही करायचा नाही, हे स्वतःला फसवणं आहे. तो काय करेल, काय करणार नाही आणि कोणत्या प्रसंगी हस्तक्षेप करेल, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. २०२३ मध्ये आलेल्या फ्रंटियर पद्धतीत गव्हर्नर नसतो, पण नव्याने जन्मणारी नेशन्स तुमच्याकडे येतात. तो पर्याय घ्यायचा असेल, तर आधी वरचा हस्तांतरणाचा कायदा पक्का करा.

शिक्षेचंही तसंच. न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम दिला, पण आरोपी वर्षानुवर्षं त्याच रीजनमध्ये राहिलेला आणि डेलिगेट गेल्या महिन्यात आलेला. एखाद्याला बाहेर काढायला डेलिगेटला आपला इन्फ्लुअन्स (रीजनमध्ये राहून साठत जाणारं वजन) खर्च करावा लागतो, आणि जुन्या रहिवाशासाठी तो बराच लागतो. नव्या डेलिगेटकडे तेवढा नसतोच. जो हुकूम बजावता येणार नाही, तो काढला की न्यायालयाचा मान जातो. निकाल देण्यापूर्वी डेलिगेटला एकदा विचारा: हे तुला करता येईल का?

मोठ्यांचं माप लहानांना घालणं

माझ्या पहिल्या मसुद्यात लोकसभा होती, राज्यसभा होती, राष्ट्रपती आणि निवडणूक आयोगही होता. भारतातल्या कोणाही खेळाडूच्या डोळ्यांसमोर तेच चित्र येणार. दुसरे काही जण द नॉर्थ पॅसिफिककडे बघून लिहितात: डेलिगेट, व्हाइस डेलिगेट, स्पीकर, रीजनल असेंब्ली, न्यायालय. ती पदं तिथे शोभतात, कारण ती भरायला माणसं आहेत आणि मागे दोन दशकांची सवय आहे. बारा माणसांत चौदा पदं काढली की एकच माणूस मंत्री, न्यायाधीश आणि तक्रारदार ठरतो. आमचं न्यायालय तेव्हा नेमकं याचमुळे बसू शकलं नाही.

मनापासून वेळ देणारी माणसं मोजा. दहाच्या आत असतील, तर एक डेलिगेट, एक सभापती आणि सगळ्यांची मिळून एक सभा पुरे. कायमचं न्यायालय नको; वाद आला की त्यात नसलेला एक माणूस दोन्ही बाजूंनी मिळून निवडावा. नवं पद काढण्याआधी ते काम सहा महिने पदाशिवाय कोणी करतंय का, ते बघा. करत असेल तर त्यालाच पद द्या.

नागरिकत्वाची ढिली किंवा करकचून आवळलेली व्याख्या

एक माणूस हवी तितकी नेशन्स काढू शकतो, पण वर्ल्ड असेंब्लीत त्याचं एकच नेशन असू शकतं. प्रत्येक नेशनला एक मत दिलंत, तर पाच पपेट्सवाला (एकाच माणसाची जादा नेशन्स म्हणजे पपेट्स) तुमची निवडणूक खिशात घालेल. म्हणून बरीच रीजन्स अट घालतात: मतदार व्हायचं तर तुमचं वर्ल्ड असेंब्लीतलं नेशन इथेच हवं. अट चांगली, पण तिच्यात एक मेख आहे. तुमच्या रीजनचं सैन्य असेल, तर हल्ला करायला (दुसऱ्या रीजनचं डेलिगेटपद बळकवायला) किंवा दुसऱ्याचं रीजन वाचवायला जाणारे सैनिक वर्ल्ड असेंब्लीचं सदस्यत्व आपल्या दुसऱ्या नेशनवर घेऊन बाहेर जातात. म्हणजे रीजनसाठी जागणाऱ्याचंच मत जाणार. सैन्यातल्यांसाठी अपवाद ठेवा, आणि त्यांची नावं सैन्याच्या प्रमुखाने दर आठवड्याला कळवायची, असंही लिहा.

आणि उत्साहाच्या भरात कोणी "मी दुसरं नेशनपण वर्ल्ड असेंब्लीत घालून आपल्या डेलिगेटला एंडोर्स करतो" म्हणालं, तर त्याला तिथेच अडवा. हा खेळाच्या मूळ नियमांचा भंग आहे. सापडलं की मॉडरेटर त्या नेशन्सना वर्ल्ड असेंब्लीतून काढतात, आणि तुमच्या रीजनचा कोणताही कायदा त्याला वाचवू शकत नाही.

मुदत नसलेली आणीबाणी

हल्ल्याची कुणकुण लागली की सभा डेलिगेटला सगळे अधिकार देऊन टाकते. ते समजण्यासारखं आहे. अपडेट तोंडावर आलेला असताना मतदान घेत बसता येत नाही. चूक होते ती शेवट न लिहिण्यात. आमच्याकडे आता सात दिवसांनी आणीबाणी आपोआप संपते आणि वाढवायची असेल तर सभेचं मत लागतं. "धोका टळेपर्यंत" हे शब्द कायद्यात कधीही घालू नका. धोका टळला की नाही, हे ठरवणारा माणूस तोच असतो, ज्याच्या हातात अधिकार आहेत.

पासवर्ड लावून रीजन बंद करण्याचंही तसंच. पासवर्ड किमान तिघांना माहीत हवा. तो बळकावणाऱ्याच्या हातात गेला, तर वर्ल्ड असेंब्लीच्या सिक्युरिटी कौन्सिलकडून लिबरेशनचा ठराव आणून तो उठवता येतो, पण त्यासाठी जगभरच्या डेलिगेट्सची मनधरणी करत फिरावं लागतं.

वर्ल्ड असेंब्लीत घाई

या संस्थेचं नाव पूर्वी युनायटेड नेशन्स होतं. २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून कायदेशीर नोटीस आली आणि ते बदलावं लागलं. इथे प्रस्ताव मांडायला दोन एंडोर्समेंट्स लागतात, मग ६ टक्के डेलिगेट्सची संमती मिळवावी लागते, आणि त्यानंतर चार दिवस मतदान. एकदा मतदान सुरू झालं की शब्दही बदलता येत नाही. मंजूर ठरावात दुरुस्तीही करता येत नाही, तो फक्त रद्द करता येतो. आणि रद्द करणाऱ्या ठरावात नवा कायदा घुसवता येत नाही. म्हणजे एका चुकीच्या शब्दासाठी दोन वेळा पूर्ण लढाई. रात्री लिहिलेला मसुदा रात्रीच सादर करू नका. तुमच्याशी न पटणाऱ्या माणसाला तो वाचायला द्या, कारण पळवाट त्यालाच आधी दिसते.

रजेचं तेवढं सांगायचं राहिलं. २८ दिवस लॉगइन केलं नाही की नेशन नाहीसं होतं. व्हेकेशन मोड लावला तर ६० दिवस मिळतात. गणपती, परीक्षा, लग्न, काहीही असो, पदावरच्या माणसाने जाण्याआधी तो मोड लावावा. गव्हर्नरने तर आपला उत्तराधिकारी खेळातच नेमून ठेवावा, कारण तोच नाहीसा झाला तर पुढची सगळी कलमं हवेत राहतात. कायद्यांचा चालू मजकूर डिस्कॉर्डच्या जुन्या मेसेजमध्ये न ठेवता रीजनच्या डिस्पॅचमध्ये (खेळातच प्रसिद्ध होणाऱ्या लेखात) ठेवा, आणि प्रत्येक दुरुस्तीसमोर तारीख घाला.

गाडी आधीच अडकली असेल तर

आमची अकराव्या दिवशी सुटली, ती अशी. जुन्या विधेयकाचं काय करायचं हा वाद मी बाजूला ठेवला आणि फक्त मतमोजणीचं कलम दुरुस्त करणारा वेगळा प्रस्ताव आणला. तो मंजूर झाला की नाही यावरून पुन्हा भांडण नको, म्हणून आधीच जाहीर केलं: हा प्रस्ताव सर्वांत कडक अर्थाने मोजला जाईल. रीजन सोडून गेलेल्या दोघांनाही यादीत धरून बारा, त्यामुळे सात मतं अनुकूल पडलीच पाहिजेत. सहा पडली तर नामंजूर. मग एकेकाला टेलिग्राम (खेळातले खासगी मेसेज) पाठवले. विनंती एकच होती: विधेयकाबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, मोजायचं कसं एवढंच ठरवू या.

पाच मतं पहिल्या दिवशी आली, सहावं तिसऱ्या दिवशी. मुदत संपायला दोन तास उरले असताना सातवं आलं, आणि ते होतं घटनेतल्या वाक्यावर बोट ठेवणाऱ्या त्याच सदस्याचं. मताखाली त्याने पुढच्या दुरुस्तीचा मसुदा जोडला होता: आपल्यातले काही जण पुण्यात, काही मँचेस्टरमध्ये आणि एक जण ओहायोत आहे, तेव्हा मतदान संपण्याची वेळ यापुढे यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी.