१०८ नंबरचा पत्ता

गेल्या गणपतीत कोपरखैरण्याच्या एका रो-हाऊसमध्ये मी तीन फेऱ्या मारल्या आणि पैसे एकाच फेरीचे घेतले. उरलेल्या दोन माझ्याच गाढवपणाच्या होत्या, मागायला तोंड नव्हतं. घरोघरी जाऊन नेटवर्क दुरुस्त करायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर माझा हा गाढवपणा नीट वाचा. ठाण्यात क्लासला आमच्याकडून सबनेटिंगची (नेटवर्कचे तुकडे पाडायची) गणितं घोटून घेतली होती, पण टीव्हीखालच्या कप्प्यात धूळ खात बसलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा, कुणी दाखवला नव्हता.

तक्रार साधी होती. घरमालक काकांचा भाचा गणपतीला राहायला आलेला, रात्री घरून काम करायचा. आरतीनंतर लॅपटॉप उघडला की थोड्या वेळात विंडोजचा निरोप यायचा, की हाच आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा नंबर) नेटवर्कवर आणखी कुणीतरी वापरतंय. त्याच सुमारास काकांच्या मोबाईलवर दारावरचा कॅमेराही दिसेनासा व्हायचा. हे काकांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, कॅमेऱ्याचं कॅमेरावाला बघेल. इथेच चुकले.

लॅपटॉपला १९२.१६८.१.१०८ मिळाला होता. मी नेटवर्क अडॅप्टरच्या सेटिंगची खिडकी उघडली, हाताने १९२.१६८.१.११० टाकला, नेट चालू झालं, चहा घेतला आणि ट्रेन पकडली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अगं, तू नंबर टाकून गेलीस ना, पोराचं ऐरोलीच्या ऑफिसात नेट लागेना! आणि घरी आल्यावर इथेही नाही."

आता हे सावकाश समजून घ्या, कारण नव्यांपैकी बहुतेक जण इथेच आपटतात. राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो, तो या घरी (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ होता. ११० त्याच पट्ट्यात येतो. मी तो लॅपटॉपला दिला खरा, पण राउटरला कुठे सांगितलं? त्याच्या वहीत ११० रिकामाच. लॅपटॉप सकाळी घराबाहेर पडला, दिवसभरात पाहुण्यांचे फोन जोडले गेले आणि राउटरने ११० त्यांतल्या एकाला देऊन टाकला. संध्याकाळी लॅपटॉप परतला, तर त्याची जागा गेलेली. विंडोजने मुकाट्याने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतला, त्यावर इंटरनेट कुठून चालणार? ऑफिसात तर नेटवर्कच निराळं, तिथे हाताने टाकलेला घरचा पत्ता कोण विचारतो! म्हणजे भांडण सोडवायला गेले आणि नवं भांडण लावून आले. वाटपाच्या पट्ट्यातला पत्ता हाताने कुठल्याही यंत्राला देऊ नका. कितीही घाई असली तरी नाही.

दुसऱ्या फेरीला लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर (राउटर देईल तो पत्ता) टाकला आणि माझ्या सीनियरना फोन लावला. "राउटर रीस्टार्ट मार, काही नसतं." मारला. चाललं, पण तेवढ्यापुरतं. रीस्टार्टने दुरुस्ती होत नाही, पत्ते फक्त पुन्हा पिसले जातात, हे माझं आता ठाम मत आहे. आणि जे सीनियर फोनवर दहा सेकंदांत उत्तर देतात, त्यांच्याकडून केबल क्रिंपिंग (केबलला टोक बसवणं) शिकावं, बिघाडाचं निदान करणं शिकू नये.

तिसऱ्यांदा मी मुद्दाम आरतीच्या वेळी गेले. काकूंनी मखराची लायटिंग लावायला एक प्लग उपसला. तो डीव्हीआरचा होता! आरती झाली, लायटिंग काढली, प्लग परत जागेवर. कॅमेरावाल्याने त्या डीव्हीआरला कायमचा पत्ता दिलेला होता, १०८. तो बंद असताना राउटरने १०८ ला हाक मारली तरी कोण ओ देणार? राउटरने तो नवव्या यंत्राला देऊन टाकायचा, कारण हा राउटर १०० पासून ओळीने वाटत होता. एरवी घरात सातआठच यंत्रं, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. पाहुणे आले आणि नववा नंबर उजाडला.

खात्री करायची रीत सोपी आहे. तक्रार असलेलं यंत्र वायफायवरून काढा आणि दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा. उत्तर आलं तर दुसरा मालक जागा आहे. नाही आलं तरी निश्चिंत होऊ नका, काही यंत्रं पिंगला दाद देत नाहीत. लगेच 'एआरपी -ए' (arp -a) ही कमांड चालवा. तिथे त्या पत्त्यासमोर यंत्राचा कारखान्यातला नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दिसला, तर त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी शोधता येते. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव आलं आणि मला स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली.

डीव्हीआरचा पासवर्ड काकांकडे नव्हता, कॅमेरावाला फोन उचलत नव्हता. म्हणून डीव्हीआर १०८ वरच ठेवला आणि राउटरचा पट्टा १५० ते १९९ केला. पन्नास पत्ते त्या घराला रग्गड. मग सगळी यंत्रं एकदा वायफायवरून काढून जोडली, कारण जुनी लीज (पत्त्याची मुदत) संपेपर्यंत काही जण जुनाच पत्ता धरून बसतात. पासवर्ड असता तर डीव्हीआर ऑटोमॅटिकवर टाकून राउटरमध्येच त्याच्या नावाने १०८ राखून ठेवला असता. ते जास्त चांगलं. मोबाईलसाठी असा पत्ता राखताना मात्र जपून, अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला बनावट मॅक दाखवतात, खोक्यावरचा नंबर टाकून उपयोग नाही.

वरच्या मजल्यावर जुना राउटर जोडलेला असेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि केबल लॅन पोर्टमध्ये घाला. त्यावर अजून काही सांगण्यासारखं नाही.

घाबरू मात्र नका. पत्त्यांच्या भांडणात कुठलंही यंत्र जळत नाही, फार तर तुमची इज्जत जाते, आणि तीही काकू मोदक वाढतात तेवढ्या वेळात परत येते. निघताना मी टीव्हीच्या कप्प्याच्या दारावर आतून कागद चिकटवला: 'डीव्हीआर १०८. वाटप १५० पासून.' खाली माझा फोन नंबर. काकांनी त्याखाली पेनाने लिहिलं, 'हा प्लग काढू नये.'