शेजाऱ्यापेक्षा घरपट्टी जास्त लागली? हरकत अशी घ्या

नवीन कर आकारणीची नोटीस आली की गल्लीत हमखास कोणीतरी म्हणतं, "भरी टाक ना भाऊ, कोन त्यासना मांगे लागी." तसं करू नका, कळकळीने सांगतो. अमळनेर, चोपडा, शिरपूर, नंदुरबार अशा नगरपरिषदांच्या गावात ही आकारणी चार वर्षांसाठी होते, त्यामुळे आत्ता गप्प बसलात की चार वर्षं तोच जास्तीचा आकडा भरत राहायचं.

पहिली गोष्ट, शेजाऱ्याचं बिल आणि आपलं बिल समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही. बिलात शिक्षण कर, वृक्ष कर, मागची थकबाकी, शास्ती सगळं एकत्र असतं. बघायचं ते करयोग्य मूल्य. घराचं वर्षाचं भाडं किती येऊ शकतं ते धरतात, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्केवारीने कर लागतो. समजा तुमचं घर ६० चौरस मीटर आहे आणि वर्षाला १०० रुपये चौरस मीटर दर धरलाय, तर भाडेमूल्य ६,००० आणि करयोग्य मूल्य ५,४००. तशाच घराला शेजारी ८० चा दर लावला असेल तर तिथे ४,३२० येतं. भांडण १०० आणि ८० चं आहे, अर्जात तेच दिसलं पाहिजे.

पण त्याच्याही आधी स्वतःची नोंद तपासा, कारण बऱ्याचदा दर बरोबर असतो आणि चुकलेलं असतं मोजमाप नाहीतर बांधकामाचा प्रकार. आपल्याकडे जुन्या गावात पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागे धाब्याचं घर, लाकडी सरे आणि वर पांढरी माती, असं सर्रास असतं, आणि मोजणीवाला पुढून बघून अख्खं घर आरसीसी लिहून जातो. दुसरं म्हणजे गच्चीवरचा पत्रा. जळगाव-भुसावळच्या उन्हात वरची खोली तापू नये म्हणून लोक चार पाईप उभे करून पत्रा टाकतात, चारही बाजू उघड्या, आणि तो कागदावर पूर्ण खोली म्हणून चढलेला असतो. टेप घ्या, स्वतः मोजा (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट), आतून किती बाहेरून किती दोन्ही लिहा, पत्र्याचे आणि धाब्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. एका खोलीत दुकान असेल तर तेवढीच खोली बिगरनिवासी लागली का सगळं घर, तेही बघा.

आता शेजाऱ्यांची माहिती. कर आकारणी यादी बघायचा आणि त्यातून आपल्या कामाचं उतरवून घ्यायचा मालकाला हक्क आहे, फी लागत नाही. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, पण हरकतीची मुदत तोवर थांबत नाही म्हणून हरकत आधी देऊन टाका, पुरावा सुनावणीत जोडता येतो. घरं निवडताना तोच झोन (दर ठरवायला गावाचे पाडलेले भाग), तसंच बांधकाम, तोच वापर आणि जवळपास तेवढंच जुनं एवढं जुळलं पाहिजे. स्टेशन रोडवरचं घर आणि गावाबाहेरच्या कॉलनीतलं घर जोडलं तर अर्ज तिथेच पडतो. चार-पाच घरं पुरे. प्रत्येकाचा मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ, बांधकाम, दर, करयोग्य मूल्य, एवढे रकाने पाडून एका पानावर. आणि हो, एकाच घराकडे बोट दाखवू नका, त्यांचंच मूल्य वाढवून "घ्या, सारखं झालं" असं होऊ शकतं आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं. त्याच प्रकारच्या घरांना साधारण कोणता दर लागलाय ते दाखवा.

अर्जात रडगाणं नको. "माझ्या मालमत्तेचे करयोग्य मूल्य अमुक धरले आहे, त्याच झोनमधील तशाच मालमत्तांचा दर सोबतच्या तक्त्याप्रमाणे कमी आहे, प्रत्यक्ष क्षेत्रफळ अमुक आहे, तरी फेरमोजणी करून मूल्य अमुक करावे" एवढं बास. नेमका आकडा मागा. नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांना तोंडी सांगितलं होतं हे पुढे कोणी विचारात घेत नाही.

सुनावणीला स्वतः जा, कागदांचे दोन-तीन संच न्या, निर्णय लेखी मागा. पटला नाही तर अपील आहे. नगरपरिषदेसाठी १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याचं कलम १६९ आणि १७०, त्यात बिल मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात, बिलाची रक्कम आधी भरावी लागते, आणि मुदतीत लेखी हरकत घेतलेली नसेल तर अपीलच ऐकत नाहीत, म्हणून तो शिक्का एवढा महत्त्वाचा. जळगाव आणि धुळ्यात महानगरपालिका आहे, तिथे १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं कलम ४०६, अपील कोर्टात जातं, वकील बघावा लागेल. खेड्यात ग्रामपंचायतीची घरपट्टी असेल तर नमुना ८ चा (म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदीचा) उतारा काढा, अपील पंचायत समितीकडे.

मधल्या काळात बिल अडवून ठेवू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. "हरकत कायम ठेवून भरणा" असं पत्र देऊन भरा. मूल्य कमी झालं तर जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करायला लेखी सांगा, आणि पुढचं बिल आलं की नवीन आकडा चढलाय का ते आधी बघा, आदेश फाईलला आणि कॉम्प्युटरवर जुनंच मूल्य असं होतं.