घरातल्या ज्येष्ठांच्या कागदपत्रांसाठी एआय वापरताय? या चुका टाळा

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय असो की बँकेचा पेन्शन काउंटर, ज्येष्ठ माणसाच्या वाट्याला समोरच्याची दोन-चार मिनिटंच येतात. तेवढ्यात नेमकं विचारता यावं, म्हणून एआयकडून घरीच प्रश्न लिहून घ्या. उत्तर मात्र कागद ज्या कार्यालयाचा, तिथूनच घ्यायचं.

थेट ‘आता काय करू?’ विचारणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. समजा, दिंडोरीकडच्या शेतीच्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस नाशिकरोडला राहणाऱ्या आजींना आली. भाऊ वारला, त्याच्या वारसांची नोंद चालू आहे. एआय ‘लगेच हरकत घ्या’ म्हणेल, किंवा ‘नेहमीची प्रक्रिया आहे, काळजी नको’ म्हणेल, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. आजींचं नाव सातबाऱ्यावर आधीपासून आहे का, हे त्याला कुठून कळणार?

त्याऐवजी असं लिहा: ‘मी ही नोटीस घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे तलाठ्यांना, भेटणार आहे. विचारायला पाच छोटे प्रश्न साध्या मराठीत दे. नोटिशीत नाही ते गृहीत धरू नको. जिथे अर्थ लागत नाही, तिथेही प्रश्नच लिही.’

मग कामाचे प्रश्न हाती येतात. फेरफार कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीचा? कोणाची नावं लागणार, कोणाची कमी होणार? हरकतीचे १५ दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे? हरकत कोणाकडे द्यायची? यातला तारखेचा प्रश्न कधीही गाळू नका. मुदतीत लेखी हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते आणि सुनावणी होते. नाही आली, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग अपील करत बसावं लागतं.

ज्यांचा कागद, त्यांनाच न विचारणं

मुलं फोटो काढतात, प्रश्न छापून आणतात आणि आजी नुसत्या सोबत जातात. आधी त्यांना विचारा, यातलं कशाने जीव घाबरतोय? ‘मागे माझी सही घेतली होती, ती कशावर?’ हा प्रश्न एआयला सुचणार नाही, कारण ती सही नोटिशीत नाही. तोच सगळ्यात वर लिहा, आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

अर्धवट फोटो, उघडे नंबर

मागची बाजू राहून जाते आणि अटी नेमक्या तिथेच असतात. आधार, खाते आणि पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक कागदाची पट्टी ठेवून झाका. ओटीपी तर कधीच टाकू नका. देवनागरी आकडे वाचताना एआय ५ चा ६ करू शकतं, तेव्हा प्रत्येक तारीख आणि रक्कम मूळ कागदाशी ताडून पाहा.

पेन्शन कोणती, ते न सांगणं

हयातीच्या दाखल्याबद्दल विचारलं की बहुतेकदा ‘नोव्हेंबर’ असं उत्तर येतं. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांसाठी ते बरोबर आहे, आणि ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन घेणाऱ्यांचा दाखला दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. शेजारच्या काकांची तारीख आपल्याला लागू असेलच असं नाही. आधी पेन्शनचा प्रकार लिहा, मगच प्रश्न मागा.

पानभर प्रश्न नेणं

पाच पुरेत. मोठ्या अक्षरात छापा आणि प्रत्येकाखाली उत्तर लिहायला जागा सोडा.

तरीही उत्तर संदिग्ध मिळालं तर?

‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले, तर तिथेच विचारा: कोणता कागद कमी आहे आणि कोणाला भेटायचं? नाव, हुद्दा आणि तारीख समोरच टिपून घ्या. काही लेखी दिलं असेल, तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.