घरच्या प्रिंटरवर फोटोचे खरे रंग कसे आणावेत

स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर लालसर किंवा काळवंडलेला आला, की लोक सांगू लागतात: महाग कागद आणा, शाई बदला, प्रिंटरच बदला. यातलं काहीही आत्ता करू नका. रंग बहुतेक वेळा सेटिंगमध्ये बिघडतात.

आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं चाचणीचं पान. रेघ तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग करा.

मग मॉनिटर. नवा मॉनिटर घरातल्या उजेडासाठी फारच प्रखर असतो आणि त्यावर बघून एडिट केलेला फोटो कागदावर अंधारा येणारच. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजून जुळवणारं उपकरण) एका दिवसापुरता कुणाकडून मागून आणता आला तर उत्तम: ब्राइटनेस चौरस मीटरला 100 कॅन्डेलाच्या आसपास, व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) 2.2. नाहीच मिळाला तर कोरा फोटो पेपर स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

कागद बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या कागदाचं आणि तुमच्याच प्रिंटर मॉडेलचं आयसीसी प्रोफाइल उतरवून घ्या, म्हणजे त्या कागदावर तुमच्या प्रिंटरची शाई कशी उमटते ते सांगणारी फाइल. एका कागदाचं प्रोफाइल दुसऱ्या कागदाला चालत नाही.

आता जिथे सगळे अडकतात ती जागा. प्रोफाइलप्रमाणे रंग बदलायचं काम एकानेच करायचं असतं: एकतर फोटोशॉपने, नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरने (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने). दोघांनी केलं, तर आमटीत दोघांनी मीठ घातल्यासारखं होतं. फोटोशॉप रंग शाईला जुळवून पाठवतं, ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं, तो तेच रंग पुन्हा ‘सुधारतो’.

मी यात दोन महिने घालवले. आजीचा फोटो होता, हिरवी नऊवारी, ओसरीवर बसलेली. कागदावर चेहरा जांभळट गुलाबी, नऊवारी काळपट. मी स्लायडरने मॅजेन्टा कमी केला, तर नऊवारी पिवळी पडली. पिवळा कमी केला, तर चेहरा निस्तेज. असे अकरा कागद वाया गेले. मग लक्ष गेलं तिच्या केसांकडे. पांढऱ्याशुभ्र केसांवरही गुलाबी झाक होती, म्हणजे बिघाड एका रंगात नव्हता, सगळ्या फोटोवरच एक थर चढत होता. ड्रायव्हर उघडून पाहिला, तर त्याची रंगदुरुस्ती चालूच होती. ती बंद केली आणि बाराव्या कागदावर आजी आजीसारखी दिसली.

म्हणून फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि खाली कागदाचं प्रोफाइल द्या. मग ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याचं कलर मॅनेजमेंट बंद करा. एप्सनमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ किंवा ‘ऑफ’ असं काहीतरी दिसेल, कॅननमध्ये मॅचिंगखाली ‘नन’. मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) मात्र प्रोफाइलसोबतच्या माहितीत सांगितलेलाच ठेवा, कारण शाई किती पडायची ते त्यावर ठरतं. हे सगळं प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि तरीही प्रत्येक प्रिंटआधी एकदा उघडून बघा. स्लायडरने रंग ओढून ‘जमवणं’ मला अजिबात मान्य नाही: एक फोटो जमतो, पुढचे दहा बिघडतात.

साध्या कागदाचं प्रोफाइल मिळतच नसेल, तर उलट करा: फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन आणि कॅमेरे वापरतात त्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेवा, ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या.

छापण्याआधी फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ बघा, म्हणजे प्रिंट कशी येईल त्याची स्क्रीनवरची झलक. ‘सिम्युलेट पेपर कलर’ लावलं की फोटो एकदम फिका पडतो, घाबरू नका, कागद स्क्रीनसारखा स्वतः उजळत नाही. कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे, हे रेंडरिंग इंटेंट या सेटिंगने ठरतं. माणसांच्या फोटोला मी त्यातलं रिलेटिव्ह कलरिमेट्रिक लावतो, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (त्याने गडद भागातले बारकावे टिकतात). झेंडूच्या तोरणासारखा भडक रंग सपाट होत असेल तर त्याच सेटिंगमधलं पर्सेप्च्युअल लावून बघा.

प्रिंटरमधून निघालेल्या ओल्या प्रिंटवरून काही ठरवू नका. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसेल अशा उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच फोटो पिवळसर वाटतात. फ्रेमची घाई तर मुळीच नको. शाई पुरती वाळली नसेल तर काचेवर आतून धुरकट थर बसतो आणि फ्रेम पुन्हा खोलावी लागते.